नर्सरीपाशी तिसरा गिअर

बाईंना काकू म्हटलेलं चालायचं नाही. खोली बघायला गेले तेव्हा मी आपलं रीतीप्रमाणे विचारलं, "काकू, पाणी दोन्ही वेळ येतं ना?"

"काकू व्हायला आधी काका लागतो. तो इथे नाही. दुसरं काहीतरी म्हण."

मी मावशी म्हणून पाहिलं. "तुझी आई माझी बहीण नाही." मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, "ते द्वारका चौकातला गाडीचा मिस्त्री म्हणतो, तेवढं पुरे." शेवटी 'बाई'वर तडजोड झाली. मग माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं. "पाणी येतं. पण रविवारी सकाळी तुला काही काम असतं का?"

मी नुकतीच सटाण्याहून नाशिकला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले होते. रविवारी सकाळी झोपण्यापलीकडे मला काही काम नव्हतं. तसं सांगितल्यावर बाईंनी मला खोली न दाखवता अंगणातल्या पांढऱ्या गाडीत मागे बसवलं, स्वतः पुढे बसल्या आणि म्हणाल्या, "आता बोलायचं नाही. गिअर बदलला असं वाटलं की फक्त 'आत्ता' म्हणायचं. चूक झाली तरी चालेल, पण मला खूश करायला म्हणू नकोस." गाडी गंगापूर रोडला लागली. मी डोळे मिटून बसले आणि कमरेखाली काहीतरी हलकंसं सुटून पुन्हा धरल्यासारखं झालं की 'आत्ता' म्हणत राहिले. परत आल्यावर बाई म्हणाल्या, "सामान कधी आणतेस?" माझ्याआधी आलेल्या मुलीला त्यांनी नाही म्हटलं होतं. ती वाटेत बोलली होती.

बाई कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. घरात एकट्याच. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डाव्या पायात जोर नव्हता, त्याला मांडीपर्यंत पट्ट्यांचा कॅलिपर आणि खाली जड बूट. साधी गाडी चालवायची तर क्लच दाबायला डावा पाय लागतो, तो बाईंकडे नव्हता. रिक्षात चढायचं म्हणजे आधी बूट आत, मग बाई आत, तोवर रिक्षावाला मीटरपेक्षा आरशात जास्त बघायचा, आणि त्या बघण्याचा बाईंना भयंकर राग. म्हणून ज्या काळात नाशकात क्लच नसलेली गाडी कुणी पाहिलेलीही नव्हती, त्या काळात त्यांनी मुंबईहून ही जुनी ऑटोमॅटिक शोधून आणली. उजव्या पायाने ॲक्सिलरेटर, त्याच पायाने ब्रेक, गिअर तिचे तिने बदलायचे. माझी आई एकदा गावाहून आली आणि बाईंनी तिला भाजीबाजारात नेलं, तेव्हा आई माझ्या कानाशी लागून म्हणाली होती, "माय वं, हाई गाडी आपलीआप चालस?" बाईंनी ते ऐकलं. त्या इतक्या खूश झाल्या की परतताना आईला पुढे बसवलं.

पण आपोआप चालणाऱ्या गाडीचं एक असतं. ती बिघडते तेही आपोआप, आणि का ते सांगत नाही. त्यातून ही म्हातारी. तिचे भाग मिळायचे नाहीत, तिला हात लावायला मिस्त्री तयार व्हायचे नाहीत. पुण्याला बाईंचा भाचा होता, तो फोनवर सारखा म्हणायचा, "आत्या, विकून टाक ती. कॅब बोलवत जा." शेवटी बाईंनी त्याच्याशी करार केला. गिअरबॉक्स गेला की गाडी भंगारात द्यायची आणि त्यानंतर चालवायचं नाव काढायचं नाही. तोवर मात्र त्याने फोनवर गाडी हा शब्द उच्चारायचा नाही. भाचा बिचारा तोंडाने करार पाळायचा, पण दर फोनला 'आणि बाकी सगळं बरं ना' यातला 'बाकी' तो अशा काही आवाजात म्हणायचा की बाई फोन ठेवल्यावर म्हणायच्या, "गिअरबॉक्सची चौकशी करत होता."

म्हणजे बाईंचं घराबाहेर पडणं त्या डब्यावर टांगलेलं होतं. रविवारची आमची फेरी ही काही हौस नव्हती.

फेरीचा रस्ता ठरलेला. घरून निघून धरणाच्या दिशेला सरळ. बाईंनी त्या रस्त्याचा स्वतःचा नकाशा केला होता आणि त्यात ना देऊळ होतं ना शाळा. दूधकेंद्रापाशी दुसरा गिअर, रोपांच्या नर्सरीच्या पाटीपाशी तिसरा, पुढच्या चढाला पुन्हा दुसरा. दर वेळी तोच रस्ता, तोच वेग, पाय तितकाच दाबलेला, तर गिअर त्याच जागी पडला पाहिजे. नाही पडला तर कुठेतरी काहीतरी बदललंय. कुणी पत्ता विचारला तरी बाईंच्या तोंडून तेच यायचं. "तिसरा पडतो ना, तिथून डावीकडे." पत्ता विचारणारा माणूस पुढे जाऊन दुसऱ्या कुणाला तरी विचारत असेल.

गाडीच्या दुखण्यांना त्यांनी नावं ठेवली होती. गिअर बदलताना इंजिन नुसतंच ओरडलं आणि मग गाडी सावरली तर ती उचकी. गिअर दाणकन पडला तर ठसका. सकाळी गिअरची दांडी ओढल्यावर गाडी जरा वेळ विचार करत बसली तर तो आळस. ही नावं पुढे द्वारकेच्या गॅरेजातही रुळली. मिस्त्री फोनवर विचारायचा, "मॅडम, उचकी हाय का ठसका?" आणि शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला वाटायचं, डॉक्टरचा फोन आहे.

मिस्त्री म्हणजे एक प्रकरण होतं. ऑटोमॅटिक गाड्यांचं काम तो कुवेतला शिकून आलेला. नाशकात परत येऊन किती वर्षं झाली तरी कुवेत त्याच्यातून गेलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट 'कुवेतला आम्ही' अशी सुरू व्हायची आणि 'बॉक्स खोलावा लागेल' इथे संपायची. गिअरबॉक्स खोलायची त्या माणसाला ओढच होती. गाडी दारात थांबायच्या आत म्हणायचा, "बॉक्स खोलावा लागेल मॅडम. बिना खोले काय नाय समजणार." बाई म्हणायच्या, "खोलल्यावर काय समजेल ते न खोलता सांगा, मग खोलू." दोघे तासन्‌तास भांडायचे. मध्येच चहा यायचा, तो प्यायचे, आणि पुन्हा जिथे सोडलं तिथून सुरू.

खोलू न देण्यामागे बाईंचा हट्ट होता तसा नियमही होता. आधी बाहेरून बघायचं. तेल किती, त्याचा रंग कसा, वास कसा. इंजिन गरम आणि चालू ठेवून त्या तेल मोजायची काठी बाहेर काढायच्या, लाल तेलाचा थेंब टीपकागदावर पाडायच्या आणि कागद नाकाशी धरून डोळे मिटायच्या. वास करपलेला आला तर आत काहीतरी जळतंय. मग केबल, मग दांडीचे जोड. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळत नाही. हा नियम त्या आमटीलाही लावायच्या. मीठ कमी आणि गूळ जास्त झाला असेल तर आज मीठच सुधारायचं, गुळाचं उद्या. त्यांच्याकडे एकाच आठवड्यात मी सात तऱ्हेच्या बिघडलेल्या आमट्या खाल्ल्या आहेत.

एकदा जमलेला नट पुन्हा हलू नये, हलला तर कळावं, म्हणून त्या नट आणि शेजारचं लोखंड यांच्यावर मिळून नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायच्या. नट फिरला की ठिपक्याचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकणार. आयुष्यात नखाला रंग न लावलेल्या या बाई मेनरोडच्या दुकानात काउंटरवर चालायची काठी टेकवून विचारायच्या, "तेलात न विरघळणारी कोणती?" दुकानदार ओळखीचा झाला होता, तो न बोलता बाटली काढून द्यायचा.

आणि दोष सापडला की शिरा. दोष कुणाचा ही बाब वेगळी. शिरा सापडण्याचा.

मी राहायला आल्याच्या पहिल्या पावसाळ्यानंतर गाडीला आळस जडला. दांडी ओढली की गाडी क्षणभर ढिम्म, मग दचकून निघायची. मिस्त्रीने ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. "आतले रबर कडक झाले. कुवेतला तर दर सीझनला हेच काम. बॉक्स खोलावा लागेल." बाई म्हणाल्या, तेल बरोबर आहे, मी दर सोमवारी बघते, काठीवर खुणेइतकं भरतं. दोघांचं भांडण नेहमीपेक्षा वाईट झालं. मिस्त्री म्हणाला, या वेळेला तुम्ही ऐकाच. बाई घरी आल्या त्या थेट खोलीत गेल्या. जेवल्या नाहीत. करारातला गिअरबॉक्स हाच का, हे त्या मनातल्या मनात विचारत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आवाज आला, "मी चुकले गंऽऽ! अगं, मी चुकले!" इतक्या आनंदाने स्वतःची चूक ओरडून सांगणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेजारचे आजोबा कुंपणाशी धावत आले. झालं होतं असं, की पावसाळ्याआधी बाहेरचा रस्ता उंच केला होता आणि त्याबरोबर फाटकाच्या आतला उतारही नव्याने बांधला होता. तेव्हापासून गाडी नाक वर करून उभी राहायची. त्या उतारावर काठी बुडवली की तेल भरलेलं दिसायचं आणि होतं मात्र कमी. "उतारावरची पातळी मोजत होते मी! दर सोमवारी! फिजिक्सची बाई!" पेट्रोलपंपावरच्या सपाट फरशीवर गाडी नेली, काठी बघितली, तेल घातलं, आळस गेला. दुपारी शिरा झाला. एक डबा मिस्त्रीला गेला. बाईंनी स्वतः चमचाभर घेतला, कारण त्यांना मधुमेह होता आणि त्या बाबतीत त्या स्वतःशीही कडक होत्या. मिस्त्री डबा परत देताना म्हणाला, "शिरा मस्त. पण मॅडम, बॉक्स एकदा तरी खोलायला पाहिजे होता."

बाईंचे विसराळूपणाचे किस्सेही पुष्कळ होते, म्हणजे आम्हाला तो विसराळूपणा वाटायचा. डोक्यावर चष्मा असताना चष्मा शोधणं हे नेहमीचं. एकदा तर उजव्या पायातली चप्पल दाराच्या पायरीवरच निसटून राहिली आणि बाई तशाच, एका पायात बूट आणि दुसरा अनवाणी, दुपारच्या तापलेल्या फरशीवरून गाडीपर्यंत गेल्या. मी मागून चप्पल घेऊन धावले. "बाई, पाय भाजला नाही?" त्यांनी खाली बघितलं, जरा वेळ बघत राहिल्या. "कसला विचार करत होते कोण जाणे," असं म्हणून चप्पल घातली. मी ग्रंथालयात ही गोष्ट रंगवून सांगितली आणि सगळे हसले.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात तिसरा गिअर नर्सरी सोडून पुढे जायला लागला.

आधी पाटीच्या पुढच्या विजेच्या खांबापर्यंत. मग लग्नाच्या लॉन्सच्या कमानीपर्यंत. कधी तिसरा पडायचा आणि सपाट रस्त्यावर उगाचच परत दुसरा, ठसक्यासह. मी 'आत्ता' म्हणायचे आणि लगेच पुन्हा 'आत्ता' म्हणावं लागायचं. बाई आरशातून माझ्याकडे बघायच्या. "तिला काय हवंय तेच कळत नाही." तेल बघितलं, सपाट जागेवर. वास चांगला. रंग चांगला. केबल ठिपक्यावर. एकेक करून सगळं बघून झालं आणि काहीच सापडलं नाही. अशी वेळ पूर्वी कधी आली नव्हती. रविवारच्या फेरीनंतर बाई गाडीतून उतरेनात. स्टिअरिंगवर हात ठेवून तशाच बसून राहायच्या. मला त्यांची पहिल्यांदा भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी वाटली.

शेवटी द्वारकेला गेलो. मिस्त्रीने स्वतः गाडी चालवून बघितली, मग बाईंना चालवायला सांगून शेजारी बसला. मी मागे. चौकातल्या गर्दीत काय कळणार, म्हणून हायवेच्या कडेच्या रस्त्याला लांबपर्यंत जाऊन आलो. परतल्यावर मी मनाची तयारी करून बसले होते की आता कुवेत येणार आणि बॉक्स खोलावा लागणार. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून काहीतरी करत राहिला. बाहेर आला, हात पुसले. "काय नाय मॅडम. थोडं ट्युनिंग केलं. चालवा बिनधास्त."

आणि खरंच, त्या रविवारी तिसरा नर्सरीपाशी पडला. मी 'आत्ता' म्हटलं ते जवळजवळ ओरडूनच. मला वाटलं, आज शिरा. पण बाई घरी आल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या.

"बाई, झाली ना बरी?"

"तो बॉक्स खोलावा लागेल म्हणाला नाही."

"मग चांगलंच की."

"इतक्या वर्षांत असं एकदाही झालेलं नाही. का म्हणाला नाही?"

थोड्याच दिवसांत तिसरा पुन्हा पुढे सरकला. त्या दिवशी बाईंनी बॉनेट उघडायला लावलं, चालायची काठी माझ्या हातात दिली, वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हे बघ." केबलच्या नटावरचा लाल ठिपका आणि पट्टीवरचा लाल ठिपका यांच्यात चांगलं अंतर पडलं होतं.

"ही केबल काय करते माहितीये? पाय किती दाबलाय ते ही गिअरबॉक्सला सांगते. पाय जास्त दाबला की गिअर उशिरा बदलतो, हलका ठेवला की लवकर. मिस्त्रीने ही ढिली केलीय. म्हणजे पाय आहे त्याच्यापेक्षा हलका आहे असं त्याने गिअरबॉक्सला खोटं सांगितलंय." त्या सरळ उभ्या राहिल्या. "माझ्या गाडीशी खोटं बोलायचं त्याला काय कारण?"

आम्ही तशाच द्वारकेला गेलो. मिस्त्रीने गाडी बघितली, बाईंचा चेहरा बघितला आणि हात धुवायला गेला. हात धुणं संपेचना.

"मॅडम, चहा सांगतो."

"ठिपका का हलला?"

तो हात पुसत उभा राहिला. इतका मोठ्या आवाजाचा माणूस, पण बोलला ते मला कान देऊन ऐकावं लागलं. "गाडीत काय प्रॉब्लेम नाय मॅडम. बॉक्स एकदम मख्खन हाय. तुमचा पाय जरा जड पडतो आजकाल. कधी दाबता, कधी सोडता, तुम्हाला समजत नसंल. म्हणून मी केबल थोडी सोडली. तुमच्या पायाच्या हिशोबानं."

"मला का नाही सांगितलं?"

"गाडीचं काय बी सांगतो मी मॅडम. हे कसं सांगायचं?"

बाई त्याच्यावर ओरडतील असं मला वाटलं. ओरडल्या नाहीत. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल ठिपक्यावर आणा. मग तुम्ही चालवा. मी मागे बसते."

इतक्या वर्षांत बाई त्या गाडीत मागे बसल्या नव्हत्या. बूट आत घ्यायला त्यांना वेळ लागला, तोवर मिस्त्री दुसरीकडे बघत उभा राहिला. आम्ही गंगापूर रोडला आलो. मी बाईंच्या शेजारी. त्यांनी डोळे मिटले आणि माझं काम स्वतःकडे घेतलं. दूधकेंद्रापाशी म्हणाल्या, "आत्ता." नर्सरीच्या पाटीपाशी म्हणाल्या, "आत्ता." डोळे मिटलेलेच. चेहऱ्यावर इतकं सुख होतं, जणू कुणी त्यांना त्यांच्या आवडीचं काहीतरी वाचून दाखवत होतं. परत फिरून पुन्हा तसंच. पुन्हा नर्सरी.

"आता मी चालवते. मिस्त्री, तुम्ही शेजारी बसा. आणि तू," मला म्हणाल्या, "खरं सांगायचं."

दूधकेंद्र गेलं, पुढे गेल्यावर दुसरा पडला. नर्सरीची पाटी समोर दिसायला लागली. मला आयुष्यात कधी खोटं बोलावंसं वाटलं असेल तर ते त्या पाटीपाशी. एक शब्द तर म्हणायचा होता. पण बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्याच बोलीवर मला घरात घेतलं होतं. पाटी मागे गेली. खांब मागे गेला. इंजिन ओरडत होतं. लॉन्सची कमान आली तेव्हा कमरेखाली दणका बसला आणि मी म्हटलं, "आत्ता."

बाईंनी गाडी कडेला घेतली, दांडी पुढे सारली, इंजिन बंद केलं. "सापडलं," म्हणाल्या.

मिस्त्री घाईघाईने बोलायला लागला. "मॅडम, काय टेन्शन नाय. केबल ढिली ठेवू. तुम्हाला पाहिजे तशी सेट करून देतो. चालतंय की अजून."

"आणि ब्रेक?"

"काय?"

"जो पाय तिकडे जड पडतो तोच ब्रेकवर पडतो. किती दाबला हे त्याला तिकडे कळत नाही, तर इकडे तरी कुठे कळणार? तिथे कुठली केबल सोडाल?"

मला ती चप्पल आठवली. बाई उतरल्या, गाडीला धरून धरून पलीकडे आल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "उठा. घरापर्यंत तुम्ही न्या."

डॉक्टरांकडे त्या दुसऱ्या दिवशी गेल्या, रिक्षाने. डॉक्टरांनी तळव्याला टोचून पाहिलं आणि साखरेमुळे नसा बधिर होतात वगैरे सांगितलं. बाई म्हणाल्या, "ते मला गिअरबॉक्सने सांगितलंय. पुढचं बोला." औषधं मिळाली, पायाला जपायला सांगितलं, गेलेली जाणीव परत येईल असं काही डॉक्टरांनी कबूल केलं नाही.

त्या संध्याकाळी शिरा केला. मला खाली बोलावलं. मी ताटली हातात घेऊन नुसती बसले.

"खा. दोष सापडला ना."

"सापडला म्हणून काय बाई..."

"गाडीत नव्हता. ही चांगलीच बातमी आहे." असं म्हणाल्या खऱ्या, पण चमचाभर शिरा त्यांच्याही ताटलीत तसाच राहिला. मग त्या थोड्या रडल्या. रडताना मान वळवली नाही की डोळे झाकले नाहीत, समोर बघत रडल्या, आणि झाल्यावर चष्मा पुसून पुन्हा घातला. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला.

भाच्याचा फोन आला. त्याला बातमी लागली होती. या वेळी त्याने 'बाकी' वगैरे काही न म्हणता सरळ सांगितलं, "आत्या, आता ठरल्याप्रमाणे गाडी देऊन टाकू."

"ठरल्याप्रमाणे काय ठरलं होतं?"

"गाडी भंगारात द्यायची."

"कधी?"

"गिअरबॉक्स गेल्यावर."

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे. हवं तर मिस्त्रीला विचार. अट गिअरबॉक्सची होती, माझी नव्हती." आणि फोन ठेवला. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना गालात हसताना पाहिलं.

रविवारी सकाळी खालून हाक आली. मी खाली आले तर बाई गाडीत मागच्या सीटवर, माझ्या जागेवर, बूट नीट आत घेऊन बसल्या होत्या. पुढचं दार उघडं होतं.

"बस."

"बाई, मला येत नाही."

"लायसन्स आहे म्हणाली होतीस."

होतं. वडिलांनी हौसेने काढायला लावलेलं. पण सटाण्याला क्लच सोडताना मी दर वेळी गाडी बंद पाडायचे, मागचे हॉर्न वाजवायचे. शेवटी मी तो नादच सोडला होता. हे सगळं मी बाईंना पुन्हा एकदा सांगितलं.

"मला खरंच येत नाही हो."

"गाडीला येतं. तू फक्त पाय हलका ठेव."

मी बसले. दांडी ओढली तशी गाडी अलगद पुढे सरकली, माझी वाट न बघता. फाटकाबाहेर आलो. डावा पाय सवयीने क्लच शोधायला लागला. मागून आवाज आला, "डावा काही करणार नाही. माझ्याही डाव्याने कधी केलं नाही." मी तो मागे ओढून घेतला. रस्ता सकाळचा, मोकळा. दूधकेंद्र गेलं. मी आरशात बघितलं तर बाईंनी डोळे मिटले होते आणि हात मांडीवर ठेवले होते. मला बोलायचं होतं, पण बोलायची परवानगी नव्हती. मी पाय हलका ठेवला. इतका हलका की तो माझा आहे की नाही तेच कळेना. नर्सरीची पाटी जवळ आली, रोपांना पाणी घालणारा माणूस दिसला, आणि बरोबर पाटीपाशी कमरेखाली काहीतरी सुटलं आणि पुन्हा धरलं.

"आत्ता," बाई म्हणाल्या.